विश्लेषण : वीज खासगीकरणासाठी भिवंडी, मुंब्रा, ठाणेच का? भामरागड, अक्कलकुवा का नाही?

राज्यातील वीज कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ रोजी ७२ तासांचा संप सुरू केला आणि त्याच दिवशी तो मागेही घेतला. कारण होते अदानी समूहातील कंपनीचा एक अर्ज. मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यात महावितरणला समांतर वीज वितरण परवाना मिळावा, अशी मागणी त्यात होती. तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ‘सरकारला वीज कंपन्यांचे खासगीकरण करायचे नाही’ असे आश्वासन दिले आणि संप मिटला.

पण नकाशाचा प्रश्न तेव्हा सुटला नाही. २०२५ मध्ये अदानी, टोरंट आणि टाटा पॉवर या कंपन्यांचे अर्ज पुन्हा वीज नियामक आयोगापुढे आले. अर्जांत पुणे, नागपूर, ठाणे, नवी मुंबई यांसारखी शहरे होती. भामरागड, अक्कलकुवा किंवा किनवट कोणालाच नको होते. वीज क्षेत्र खासगी असावे की सरकारी, यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वाद होतो. कोणता भाग खासगी होणार आणि कोणता सरकारकडे राहणार, हे कोण ठरवते, यावर मात्र फारशी चर्चा होत नाही. बिलावर आणि राजकारणावर खरा परिणाम होतो तो याच दुसऱ्या प्रश्नाचा.

खासगीकरण म्हणजे नेमके काय? फ्रँचायझी की समांतर परवाना?

वीज वितरणात खासगी कंपनी येण्याचे दोन मार्ग महाराष्ट्रात चर्चेत असतात. बोलताना दोन्हींना ‘खासगीकरण’च म्हटले जाते, पण दोन्हींचे गणित वेगळे आहे आणि त्यासाठी निवडले जाणारे भागही वेगळे आहेत.

पहिला मार्ग वितरण फ्रँचायझीचा. यात परवाना महावितरणकडेच राहतो आणि दरही नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलाच लागतो. मात्र मीटर, बिल, वसुली, दुरुस्ती ही सगळी कामे कंपनी करते. भिवंडीत टोरंट पॉवरने २६ जानेवारी २००७ रोजी हे काम हाती घेतले. देशातील शहरी फ्रँचायझीचा हा पहिला मोठा प्रयोग मानला जातो.

दुसरा मार्ग समांतर परवान्याचा. त्याच भागात दुसऱ्या कंपनीला स्वतंत्र परवाना मिळतो, तिचे दर आयोग वेगळे ठरवतो आणि कोणाकडून वीज घ्यायची हे ग्राहक निवडतो. मुंबई उपनगरातील ग्राहकांना हा प्रकार परिचयाचा आहे. तिथे आधीची रिलायन्स, म्हणजे २०१८ पासूनची अदानी इलेक्ट्रिसिटी, आणि टाटा पॉवर असे दोन पर्याय आहेत.

फ्रँचायझीसाठी प्रामुख्याने निवडला जातो जास्त गळतीचा भाग, तर समांतर परवाना मागितला जातो जास्त कमाईच्या भागासाठी. दोन्ही टोकांच्या मधला, म्हणजे शेतीचा आणि दुर्गम महाराष्ट्र, दोन्ही याद्यांतून बाहेर राहतो.

गळतीच्या शहरात कंपनीला फायदा कसा होतो?

निम्मी वीज चोरीला जाते किंवा निम्म्या बिलांची वसुली होत नाही, अशा शहरात खासगी कंपनी कशासाठी जाईल? उत्तर समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब पाहू.

महावितरणने एका शहराला १०० युनिट वीज दिली. बिलाचा सरासरी दर ८ रुपये आहे, पण पैसे ५० युनिटचेच येतात. म्हणजे हाती ४०० रुपये पडतात. कंपनी निविदेत म्हणते की, शहराच्या वेशीवर मीटर लावा, आत येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे आम्ही ५ रुपये देतो. महावितरणला ५०० रुपये मिळतात, आधीपेक्षा १०० जास्त. मग कंपनी आकडे काढते, मीटर बदलते, थकबाकीदारांची जोडणी तोडते आणि वसुली ८५ युनिटपर्यंत नेते. तिच्या हाती ६८० रुपये येतात. महावितरणचे ५०० वजा करून १८० उरतात. त्यातून खर्च भागवून राहील तो नफा.

म्हणजे गळती हीच इथे कंपनीसाठी कमाईची जागा असते. गळती जितकी जास्त, तितका ती कमी करून मिळणारा फायदा मोठा. भामरागडमध्येही गळती असेल, पण तिथे एकूण वीजच थोडी खपते. त्यामुळे गळती जास्त आणि शिवाय खपही जास्त, अशी दाट वस्तीची शहरे निवडली जातात. यंत्रमागांचे भिवंडी आणि मालेगाव, तसेच ठाण्यालगतचे मुंब्रा-कळवा-शीळ या निकषात चपखल बसले. १ मार्च २०२० पासून मुंब्रा-कळवा-शीळ टोरंटकडे आणि मालेगाव कोलकात्याच्या सीईएससी समूहाकडे गेले.

या कामाचा फायदा होत नाही, असे नाही. भिवंडीत टोरंट येण्यापूर्वी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूल होत नव्हते. आज ते चित्र नाही. रोहित्रे बदलली गेली, मीटर लागले, भारनियमन घटले. पण त्याच शहरात ‘टोरंट हटाव’ची आंदोलनेही वेळोवेळी होत आली आहेत. वाढीव बिले, जुन्या थकबाकीची वसुली आणि वीजचोरीचे गुन्हे या तक्रारी त्यामागे आहेत. प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या कुटुंबाला अखंड वीज मिळाली. अनधिकृत चाळीत राहणाऱ्या, कागदपत्रे नसलेल्या भाडेकरूला मात्र त्याच व्यवस्थेचा धाक वाटतो. दोन्ही अनुभव खरे आहेत.

मग नागपूर, औरंगाबाद, जळगावचे काय झाले?

भिवंडीच्या यशाचा दाखला देत २०११ मध्ये आणखी तीन शहरांत हाच प्रयोग झाला. नागपूरच्या महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांत स्पॅन्को (पुढे एसएनडीएल), तत्कालीन औरंगाबाद शहरात जीटीएल आणि जळगावात क्रॉम्प्टन ग्रीव्हज अशा कंपन्या आल्या. औरंगाबादचा करार नोव्हेंबर २०१४ मध्ये संपुष्टात आला, जळगावचा २०१५ मध्ये. नागपूरचा करार १५ वर्षांचा होता, पण सप्टेंबर २०१९ मध्येच कारभार महावितरणकडे परत आला.

कारणे वेगवेगळी असली तरी एक गोष्ट समान होती. कंपनीला हिशेब जमेना झाला की ती बाहेर पडली आणि शहर पुन्हा सरकारी कंपनीच्या पदरात पडले. वीज अत्यावश्यक सेवा असल्याने महावितरणला ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती. नफ्याची शक्यता कंपनीकडे आणि अपयशाची जबाबदारी सरकारी कंपनीकडे, अशी ही वाटणी आहे.

हे एका पक्षाचे धोरण आहे का?

तारखा पाहिल्या तर तसे म्हणता येत नाही. भिवंडीचे हस्तांतर २००७ मध्ये, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना झाले. नागपूर, औरंगाबाद, जळगावचे २०११ मध्ये, पृथ्वीराज चव्हाण यांच्या काळात. मुंब्रा आणि मालेगावची प्रक्रिया फडणवीस सरकारच्या पहिल्या कार्यकाळात पुढे सरकली आणि प्रत्यक्ष हस्तांतर मार्च २०२० मध्ये, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना झाले. विरोधात असताना खासगीकरणाला विरोध आणि सत्तेत आल्यावर ‘सुधारणा’, हा प्रवास जवळपास सर्वच पक्षांनी केला आहे.

याचे एक कारण महावितरणच्या ताळेबंदात आहे. राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन जून २००५ मध्ये महावितरण स्वतंत्र कंपनी झाली. तिचे आज सुमारे ३ कोटी ग्राहक आहेत. २०२० मध्ये कृषिपंप धोरण आले तेव्हा शेतीपंपांची थकबाकीच ४० हजार कोटींच्या वर होती. इतक्या मोठ्या तुटीच्या कंपनीत गुंतवणूक करायची, तर पैसा तिजोरीतून काढायचा की बाहेरून आणायचा, हा पेच कोणत्याही सरकारपुढे असतो.

दुसरे कारण मात्र निव्वळ राजकीय आहे. थकबाकीदाराची वीज तोडणे हे मतदारांना दुखावणारे काम. सरकारी लाइनमन जोडणी तोडायला गेला की स्थानिक नेत्याचा फोन जातो. कंपनीचा माणूस गेला तर रोष कंपनीवर निघतो आणि तोच नेता तिच्याविरुद्धच्या मोर्चात पुढे असू शकतो. वसुलीची कटुता कंपनीवर ढकलण्याची ही सोय सत्तेतल्या आणि विरोधातल्या दोघांनाही परवडते.

सरकार ताबा कुठे सोडत नाही?

खासगीकरणाइतकेच ताबा टिकवण्याचे राजकारणही समजून घ्यायला हवे. राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ लागू केली. सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला साधारण १४ हजार ७६० कोटी रुपये, असा तिचा आवाका जाहीर झाला. त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक होती.

अशी घोषणा होण्यासाठी वितरण कंपनी सरकारच्या हातात असणे सोयीचे ठरते. अनुदान उशिरा दिले तरी सरकारी कंपनी पुरवठा थांबवत नाही. कर्ज काढते आणि वाट पाहते. खासगी कंपनी इतके थांबेलच असे नाही. त्यामुळे जिथे वीज हे मते मिळवण्याचे साधन आहे, तिथे ताबा सरकारकडे राहतो. जिथे वीज म्हणजे कटू वसुली आहे, किंवा जिथे नफा बाहेरच्याला खुणावतो, तिथे दार उघडते. ताबा आणि खासगीकरण ही परस्परविरोधी धोरणे वाटतात, पण नकाशावर ती एकमेकांना पूरक असतात.

समांतर परवान्याला विरोध कशासाठी? स्पर्धा चांगली नव्हे का?

घरातल्या ग्राहकाला दोन कंपन्यांतून निवड मिळाली तर त्यात वावगे काय, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर वीजदराच्या रचनेत आहे.

आपल्याकडे सर्वांना एकच दर नसतो. कारखाने, मॉल, दुकाने, जास्त वीज वापरणारी घरे सरासरी खर्चापेक्षा जास्त पैसे भरतात. शेतीपंप आणि गरीब घरे कमी भरतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. पुन्हा काल्पनिक आकडे घेऊ. विजेचा सरासरी खर्च युनिटमागे ८ रुपये आहे. कारखाना १० रुपये देतो, शेतीपंपाचा दर ४ रुपये आहे. म्हणजे कारखान्याच्या दोन युनिटमधून शेतीच्या एका युनिटची तूट भरून निघते. आता तो कारखाना नव्या कंपनीकडे गेला, तर राहिलेले ४ रुपये कुठून येणार?

मार्ग तीनच. एक, सरकार अनुदान वाढवेल, म्हणजे करदाता भरेल. दोन, महावितरणकडे उरलेल्या ग्राहकांचे दर वाढतील. म्हणजे लातूरच्या दुकानदाराच्या बिलात ठाण्याच्या कारखान्याची सूट दिसेल. तीन, खर्चात कपात होईल. तिसरा मार्ग कोणी जाहीर करत नाही, पण गावात तोच सर्वांत आधी कळतो. जळालेली डीपी दोन दिवसांऐवजी दोन आठवड्यांनी बदलली जाते, लाइनमनची जागा रिकामी राहते आणि एकाच माणसाकडे चार गावे येतात.

त्यातच शहरी वितरण मुळात स्वस्त पडते. ठाण्यातील गृहसंकुलात एका रोहित्रावर शेकडो घरे असतात आणि केबलचे अंतर काही मीटर. शेतशिवारात एका डीपीवर मोजके पंप आणि तारा शेकडो मीटर लांब. अंतर वाढले की तारेत वीज वाया जाण्याचे प्रमाण वाढते, दुरुस्तीचा खर्च वाढतो. म्हणजे शहरी पट्टा उचलणाऱ्या कंपनीचा खर्च कमी आणि उत्पन्न जास्त. तिने स्वस्त दर दिला तर त्यात कार्यक्षमतेचा वाटा किती आणि निवडलेल्या नकाशाचा किती, हे वेगळे करून सांगणे अवघड होते.

मुंबईचा अनुभव काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये टाटा पॉवरला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज देण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतर उपनगरांतील लाखो ग्राहकांना कंपनी बदलण्याची संधी मिळाली आणि अनेकांची बिले कमी झाली. स्पर्धेचा हा खरा फायदा होता.

पण लवकरच वाद सुरू झाला. मोठे, किफायतशीर ग्राहक निवडून घेतले जातात आणि छोटे मागे राहतात, अशी तक्रार आयोगापुढे आली. ऑगस्ट २०१२ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाला आदेश काढावा लागला. टाटाने ठरावीक विभागांत आधी स्वतःचे जाळे उभारावे आणि त्या काळात महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच वळवून घ्यावे, असे त्यात सांगितले होते. अपिलात त्या आदेशात पुढे बदल झाले. कंपनी बदलणाऱ्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभारही लागला.

एका शहराच्या उपनगरात, जिथे शेतीपंपच नाहीत, तिथे निवडक ग्राहकांचा प्रश्न इतका तीव्र झाला. संपूर्ण राज्याच्या पातळीवर तो किती मोठा होईल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

सीमारेषा कोण आखते?

वीज कायदा, २००३ नुसार एखाद्या भागात आधीच परवानाधारक आहे, केवळ या कारणासाठी दुसऱ्याला परवाना नाकारता येत नाही. मात्र किमान किती मोठा भाग घ्यावा लागेल, हे केंद्राचे नियम ठरवतात. २००५ च्या नियमांत एक नगरपालिका, महापालिका किंवा एक महसुली जिल्हा ही किमान हद्द होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती बदलली. आता एक महापालिका क्षेत्र, किंवा लागून असलेले तीन महसुली जिल्हे, किंवा सरकारने अधिसूचित केलेले त्याहून छोटे क्षेत्र चालते. अदानी समूहाचा नवी मुंबई-ठाणे पट्ट्यासाठीचा अर्ज त्याच वर्षाच्या अखेरीस चर्चेत आला.

या तरतुदीतील ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कंपनीला तीन जिल्हे घ्या, असे बंधन नाही. फक्त एक महापालिका मागता येते. पुणे महापालिका घेऊन जुन्नर-वेल्हे सोडता येते, ठाणे घेऊन शहापूर-मुरबाड सोडता येते. आणि ‘अधिसूचित छोटे क्षेत्र’ म्हणजे सरकारच्या मर्जीला मोकळे सोडलेले दार. दर आयोग ठरवतो, त्यावर सुनावण्या होतात, बातम्या येतात. पण दर ठरण्याच्या आधी हद्द ठरलेली असते आणि निम्मा निकाल तिथेच लागतो.

गंमत अशी की, २०२५ मध्ये महावितरणनेही मुंबईत समांतर परवान्यासाठी पाऊल उचलले. राज्याच्या मालकीच्या कंपनीलाही तोट्याची भरपाई करण्यासाठी श्रीमंत शहराचा नकाशा हवासा वाटतो, यावरूनच या खेळाचे स्वरूप स्पष्ट होते.

इतर राज्यांत भाग कसे निवडले गेले?

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मे २०२० मध्ये केंद्रशासित प्रदेशांतील वीज वितरणाचे खासगीकरण जाहीर केले. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एप्रिल २०२२ मध्ये टोरंटकडे गेले. औद्योगिक वसाहतींमुळे हा देशातील अत्यंत किफायतशीर वितरण क्षेत्रांपैकी एक. चंडीगडमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांच्या संपाने शहर अंधारात गेले, उच्च न्यायालयाला दखल घ्यावी लागली. तरीही ८७१ कोटी रुपयांच्या बोलीवर १ फेब्रुवारी २०२५ पासून तिथला कारभार आरपी-संजीव गोएंका समूहाकडे गेला. या दोन्ही प्रदेशांना विधानसभा नाही. जाब विचारणारे आमदार नाहीत, सरकार पडण्याची भीती नाही. विधानसभा असलेल्या पुद्दुचेरीत मात्र हीच प्रक्रिया रखडत गेली.

उत्तर प्रदेशात भिवंडीसारखा, तोट्याचा निकष पुढे आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्वांचल आणि दक्षिणांचल या दोन वितरण कंपन्यांचा, म्हणजे ४२ जिल्ह्यांचा कारभार खासगी भागीदारीत देण्याचा प्रस्ताव आला आणि कर्मचारी रस्त्यावर उतरले.

दिल्ली आणि ओडिशा यांनी तुकडे निवडले नाहीत. दिल्लीने २००२ मध्ये जवळपास संपूर्ण शहर तीन कंपन्यांत वाटले. गळती ५० टक्क्यांच्या वरून १० टक्क्यांच्या खाली आली. पण दर वेळेवर न वाढवल्याने कंपन्यांचे येणे साचत गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील अशी थकीत रक्कम ठरावीक मुदतीत चुकती करण्याचा आदेश दिला. एकट्या दिल्लीची रक्कम २७ हजार कोटींच्या पुढे आहे. ओडिशाने १९९९ मध्ये पूर्ण राज्य खासगी हातात दिले. अमेरिकन कंपनी चक्रीवादळानंतर निघून गेली, रिलायन्सचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले आणि २०२०-२१ मध्ये चारही कंपन्या टाटा पॉवरकडे आल्या. ओडिशाचा प्रवास खडतर होता, पण तिथे भुवनेश्वर घेणाऱ्याला आसपासचे ग्रामीण जिल्हेही घ्यावे लागले. महाराष्ट्रातील अर्जांत ही अट दिसत नाही.

देणग्यांचा मुद्दा कितपत महत्त्वाचा?

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर जाहीर झालेल्या यादीत वीज क्षेत्रातील नावेही होती. आरपी-संजीव गोएंका समूहातील हल्दिया एनर्जीने ३७७ कोटींचे, तर टोरंट पॉवरने १०० कोटींहून अधिक रकमेचे रोखे घेतले होते. देणगी आणि परवाना यांचा थेट संबंध यातून सिद्ध होत नाही. पण ज्या क्षेत्रात नफा सरकारने आखलेल्या हद्दीवर अवलंबून असतो, त्या क्षेत्रातील कंपन्या राजकीय पक्षांना देणग्या देतात, तेव्हा हद्द कशी ठरली हे कारणांसह जाहीर करण्याची जबाबदारी सरकारवर अधिक येते.

सरकारची बाजू काय?

सरकारच्या युक्तिवादातही तथ्य आहे. क्रॉस सबसिडी कायम चालू ठेवता येणार नाही. राष्ट्रीय दर धोरणानुसार दर सरासरी खर्चाच्या २० टक्के वर किंवा खाली, या मर्यादेत यायला हवेत. मोठे उद्योग ओपन अॅक्सेसने बाहेरून वीज घेतात, श्रीमंत घरे छतावर सौर पॅनेल बसवतात. किफायतशीर ग्राहक तसाही हातातून निसटतो आहे. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मधून १६ हजार मेगावॉट सौरऊर्जा शेतीकडे वळवण्याचे उद्दिष्ट आहे. शेतीची वीज स्वस्तात तयार झाली, तर क्रॉस सबसिडीचा भार हलका होईल.

हे खरे असेल तर क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी शेतीचा भार सौरऊर्जेवर जाऊ द्या, मग शहरे स्पर्धेला खुली करा. उलट क्रमाने गेलो तर मधली काही वर्षे ग्रामीण ग्राहक उघड्यावर पडेल. केंद्राने २०२२ च्या विधेयकात क्रॉस सबसिडीसाठी संतुलन निधीची कल्पना मांडली होती, पण ते विधेयक संमत झाले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात एकाच जाळ्यावर अनेक कंपन्यांना परवानगी देण्याचा विचार आहे. म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीला स्वतःच्या तारा टाकण्याचीही गरज उरणार नाही. नकाशाचा प्रश्न त्यामुळे अधिकच तातडीचा होतो.

ग्राहकाच्या हाती काय आहे?

समांतर परवान्यासाठी कंपनीने अर्ज केला की कायद्यानुसार तिला जाहीर नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ३० दिवसांत कोणीही हरकत नोंदवू शकतो. हा अधिकार फक्त त्या शहरातल्या ग्राहकाला नाही. ठाण्याच्या परवान्याचा फटका बीडच्या बिलाला बसणार असेल, तर बीडच्या ग्राहकानेही आयोगाकडे लिहिले पाहिजे. कामगार संघटना आणि ग्राहक संघटना ते करतात. ग्रामपंचायती आणि सहकारी संस्था क्वचितच.

फ्रँचायझीत हा मार्गही अरुंद आहे. वेगळा परवाना लागत नसल्याने परवान्यासाठीची नोटीस-हरकतीची पायरीच येत नाही. निविदा निघते, करार होतो आणि एक दिवस बिलावरचे नाव बदलते. भिवंडीच्या कराराची वाढीव मुदत जानेवारी २०२७ मध्ये संपते. पुढे काय, हे ठरवण्याआधी गळती किती घटली, चोरीचे किती गुन्हे टिकले, तक्रारी किती दिवसांत सुटल्या आणि महावितरणच्या हाती नेमके किती पडले, याचा लेखाजोखा भिवंडीकरांपुढे मराठी, हिंदी आणि उर्दूत मांडायला काय हरकत आहे?

धोरण म्हणून तीन अटी घालता येतील. शहर मागणाऱ्या कंपनीने त्याला लागून असलेला ग्रामीण भागही घ्यावा, किंवा त्याच्या तुटीचा ठरलेला वाटा दर महिन्याला भरावा. अधिसूचित छोट्या क्षेत्राचा निर्णय विधिमंडळात चर्चेविना होऊ नये. आणि करार अर्ध्यात सोडणाऱ्या कंपनीकडून, शहर परत घेताना होणारा खर्च वसूल करता यावा, इतकी अनामत आधीच घेतली जावी.

‘खासगीकरण होऊ देणार नाही’ हे वाक्य मतदारांनी प्रत्येक पक्षाकडून ऐकले आहे आणि त्याच पक्षांच्या सरकारांनी केलेले करारही पाहिले आहेत. त्यामुळे पुढच्या वेळी उमेदवार दारात आला, तर खासगीकरणाला विरोध की पाठिंबा, एवढेच विचारून भागणार नाही. कोणती शहरे देणार, ती कोणत्या निकषावर आणि उरलेल्या महाराष्ट्राच्या तारा, डीपी आणि लाइनमनचा खर्च कोण करणार, हे विचारावे लागेल.